तिसरी प्रत

५ डिसेंबर २०११, सोमवार

आज सकाळी साडेपाचला ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरलो, तीन बुड्या मारल्या आणि ओल्या धोतरानेच वर येऊन सर्व्हरच्या खोलीचं कुलूप उघडलं. नव्या कामाची सुरुवात अशी करायची हे गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं. पाणी इतकं गार की दुसऱ्या बुडीला मंत्र विसरलो. तिसऱ्या बुडीला आठवला. मन प्रसन्न आहे.

जागेचं नाव आनंदकानन निवास. चोवीस खोल्या. काशीवासाला आलेली, म्हणजे उरलेले दिवस इथे काढून इथेच देह ठेवायचा म्हणून आलेली मराठी म्हातारी माणसं इथे राहतात. औषधाच्या घंटा, जेवणाची घंटा, आरती, घरच्यांना मोबाइलवर जाणारा रोजचा निरोप, हे सगळं एक सर्व्हर चालवतो. तो नीट करायचा हे माझं काम. राहायला वरची खोली दिली आहे. खिडकीतून गंगा दिसते, आणि खिडकी उघडी राहिली तर माकडं आत येतात.

व्यवस्थापक विश्वेश्वर हे चौथ्या पिढीचे काशीकर. बोलतात मराठी, रागावतात हिंदीत. चहा घेताना सांगू लागले की जुन्या प्रोग्रॅमला भुलक्कडपणाची बीमारी आहे. बिजली गेली की सगळं विसरतो. मागच्या महिन्यात साखरेच्या गोळीच्या वेळेला आरती वाजली, सगळी मंडळी टाळ्या वाजवत उभी राहिली आणि गोळ्या डबीतच राहिल्या. यावर ते स्वतःच इतके हसले की तोंडातलं पान सदऱ्यावर आलं.

वीस वर्षं रेल्वेच्या संगणक विभागात काढली, पण इतक्या जवळच्या उपयोगाचं काम पहिल्यांदाच मिळतंय. माझी बायको सुमेधा आज असती तर म्हणाली असती, गेलात एकदाचे काशीला, तेही नोकरीला.

७ डिसेंबर

सर्व्हरला चालायला नियम लागतात. कोणत्या खोलीत कोण, कोणती घंटा कधी, फोन कोणाला. यांना आम्ही सेटिंग्ज म्हणतो. ती फाइलमध्ये लिहिलेली असतात. सर्व्हर सुरू होताना ती वाचतो, डोक्यात धरतो, आणि बंद होताना डोक्यातलं पुन्हा फाइलमध्ये उतरवतो. उतरवताना बिजली गेली की फाइल अर्धवट. इथे ती दिवसातून पाच-सहा वेळा जाते आणि इन्व्हर्टर कधी साथ देतो, कधी नाही.

शेजारी काशीनाथशास्त्री घनपाठींची वेदशाळा आहे. सकाळी तिथे घन चालतो. शब्द सरळ म्हणायचे, उलट म्हणायचे, पुन्हा सरळ. एक दोन, दोन एक, एक दोन तीन, तीन दोन एक, एक दोन तीन. म्हणूनच इतक्या पिढ्यांत एक अक्षर हललं नाही. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो आणि हातातला चहा गार झाला. राखायचं कसं, हे शिकायला मी उगाच इंग्रजी पुस्तकं वाचत होतो!

तर अशी मांडणी केली. दोन डिस्क. एकीवर सेटिंग्ज सरळ, दुसरीवर उलट्या क्रमाने. सर्व्हर रोज पहाटे दोन्ही ताडून पाहतो. जुळल्या नाहीत तर माझ्या खोलीत घंटा वाजवतो आणि मला विचारतो. मी जे सांगेन ते खरं. मी कशावरून सांगायचं? त्यासाठी तिसरी प्रत शाईने, याच रोजनिशीच्या मागच्या पानांवर. आमचे गावचे मास्तर म्हणत, हाताने लिहिलं तेच आपलं. मी आज सगळी सेटिंग्ज दोनदा लिहून काढली, एकदा सरळ, एकदा उलट. इतकं समाधान फार दिवसांत लाभलं नव्हतं.

१० डिसेंबर

विश्वेश्वरांना एक रकाना वाढवून हवा होता. खोल्यांसाठी रांग मोठी आहे, आणि फोनवर प्रत्येक जण आडवळणाने तेच विचारतो, कब तक? तेव्हा प्रत्येक नव्या माणसापुढे मुक्कामाचे दिवस लिहिता आले तर बरं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, ते कोणाला माहीत असतं? ते म्हणाले, माहीत कोणालाच नसतं, पण रकाना असला की लोकांचं समाधान होतं.

रकाना केला. रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम पुढे सरकेना. काहीतरी आकडा हवा. जुन्या छापील अर्जावर 'प्रथम मुदत पंधरा दिवस' असं होतं, म्हणून पंधरा टाकला. आमच्या धंद्यात असे आकडे रोज टाकतात, पुढे कोणी बदलेल म्हणून. आधीपासून राहणाऱ्यांना तो लागू केला नाही.

त्या रकान्यासह पहिलं नाव आजच चढवलं. दिनानाथ, खोली चार, निवृत्त पोस्टमास्तर. वेळ सकाळी नऊ चाळीस. मागच्या पानांवरही उतरवलं.

२५ डिसेंबर

पंधरवड्यात ऐंशी-नव्वद वेळा बिजली गेली, एकही सेटिंग हललं नाही. विश्वेश्वरांनी मलईची मिठाई आणली.

सकाळी दिनानाथ गेले. शांतपणे. मणिकर्णिकेला मीही गेलो.

२८ डिसेंबर

खोली सातच्या अंबिकाबाई गेल्या. तेराला आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, थंडी आहे, वय आहे. खरंच आहे.

तरी मागची पानं उघडून पाहिली. दिनानाथ पंधरा. अंबिकाबाई पंधरा.

योगायोग असतात.

१ जानेवारी २०१२, रविवार

खोली नऊमध्ये प्रभावतीबाई आल्या. वय शहात्तर, मिरजेच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं. पुतण्या सोडायला आला होता. काकू, तुला पुण्य लागेल, असं तो म्हणाला तेव्हा बाई म्हणाल्या, हो रे, पुण्य मला आणि फ्लॅट तुला, गणित बरोबर आहे. विश्वेश्वरांना त्यांनी बजावलं की मी मरायला आलेले नाही, घर उरलं नाही म्हणून आलेय. तेव्हा माझ्याकडे पाहून उगाच मान हलवू नका.

नाव चढवताना त्या पाठीशी उभ्या होत्या. अकरा वाजून वीस मिनिटं. पडद्यावर पंधरा उमटला. हा आकडा कशावरून काढला, असं त्यांनी विचारलं. जुन्या अर्जावर होता, एवढंच सांगितलं. रीत दाखवल्याशिवाय उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी शून्य देत असे, म्हणाल्या.

गंमत म्हणून म्हणाल्या. मला मात्र दिवसभर जेवण गेलं नाही.

३ जानेवारी

यज्ञेश्वरपंत. खोली दोन. एकोणीस डिसेंबरला आले, दुपारी बारा दहा.

धट्टाकट्टा माणूस. लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलेलं. सकाळी चटणीत मीठ नाही म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला ऐकवून आले. बारा वाजता अंगणात उन्हात बसून मला सांगत होते की काशीची माकडं वऱ्हाडातल्या जावयांसारखी, खाऊनही बसून राहतात. बोलता बोलता थांबले. मी हसत होतो. घड्याळात बारा दहा.

विश्वेश्वर म्हणाले, बाबा विश्वनाथांची कृपा, कुणाला तकलीफ नाही. त्यांच्याही लक्षात आलेलं आहे! यज्ञेश्वरपंतांच्या मुलाला त्यांनी आधीच तारीख कळवली होती, त्याने तिकीट काढून ठेवलं होतं. रांगेतल्या एकाने विचारलंय की आमच्या आईचं रविवारी जमेल का.

मी म्हणालो, विश्वनाथाची कृपा माझ्या फाइलमधून येत नाही. तो आकडा मी टाकला आहे. विचार न करता टाकला आहे. माझ्या आळसाला देवाचं नाव द्यायचं नाही.

हे मी आयुष्यात कोणाला इतक्या मोठ्याने म्हणालो नव्हतो.

४ जानेवारी

खोली नऊ, मुक्काम पाच हजार. दोन्ही डिस्कवर बदललं, सरळ आणि उलट. मागच्या पानावर पंधरा खोडून पाच हजार लिहिलं. बाईंना अजून सांगितलेलं नाही. निर्धास्त आहे.

५ जानेवारी

पंधरा.

डिस्कवर पंधरा, दुसरीवर पंधरा. मागच्या पानावर खाडाखोड नाही. स्वच्छ पंधरा, माझ्या वळणदार अक्षरात. ते पानच नवीन आहे. जुनं फाडल्याची खूण शिवणीत दिसते.

सर्व्हरची नोंद सांगते, पहाटे पाच एकावन्नला, मी स्वतः जुळवून ठेवलेल्या दोन प्रती जुळल्या नाहीत, राखणदाराला विचारलं, त्याने पंधरा सांगितलं. राखणदार म्हणजे मी. पाच एकावन्नला मी घाटावरून परतत असतो.

सर्व्हरच्या खोलीत फरशीवर ओली पावलं होती. डाव्या पायाचं धाकटं बोट वर उचललेलं. लहानपणी बैलगाडीखाली आलेलं बोट. माझंच.

७ जानेवारी

रकानाच काढून टाकला. पहाटे परत आला.

विश्वेश्वरांकडे चाभी दिली. मला देऊ नका म्हणालो. सकाळी विचारलं तर ते चिडले, अरे भाई, आप ही तो आए थे! ओल्या धोतरात दारात उभे राहिलात, चाभी मागितलीत, देत नाही म्हटलं तर हात पुढे करून तसेच उभे. आणि तोंडाने पुटपुटत होतात, नऊ पंधरा, पंधरा नऊ, नऊ प्रभावती पंधरा, पंधरा प्रभावती नऊ. मी डर के मारे दिली, म्हणाले.

आणि मग हळूच म्हणाले की कशाला छेडता, सगळ्यांचं भलं होतंय.

कोणाचं?

८ जानेवारी

काशीनाथशास्त्रींकडे गेलो. वय नव्वदीजवळ, डोळे गेलेले. विचारलं की घनपाठात एकदा चूक शिरली तर काढतात कशी. ते हसले. म्हणाले, बाळ, घन चूक दुरुस्त करत नाही. दिलेलं राखतो. चूक दिलीस तर चूक राखेल, दहा पिढ्या राखेल.

मग उपाय?

ज्याच्या मुखात चूक बसली त्याने म्हणणं थांबवायचं. दुसरा उपाय नाही. त्यांचे एक गुरुबंधू होते, एक स्वर चुकीचा बसला, काही केल्या निघेना. एके दिवशी तोंड मिटलं. पुढची बावीस वर्षं शाळेचं पाणी भरलं, म्हणाले, पण शाळेत चूक राहिली नाही.

मी चोख राखण्याची मांडणी केली. काय राखतोय ते पाहिलंच नाही.

१० जानेवारी

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी बोटांवर मोजलं. सोळा तारीख. म्हणाल्या, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होय, म्हणजे तिळगूळ तरी मिळेल.

मग म्हणाल्या, नरहर, मला कधी ना कधी मरायचंय हे मला येतं. पण रीत न दाखवलेल्या उत्तराने मी मरणार नाही. हे उत्तर चूक आहे. मी यावर काट मारणार.

तेव्हापासून मला अरे-तुरे करतात. बरं वाटतं.

१२ जानेवारी

पहाटे त्या सर्व्हरच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. शाल, कानटोपी, हातात लाकडी पट्टी. मी आलो म्हणे, ओला, पुटपुटत. कळफलकाकडे हात नेला आणि त्यांनी पट्टी मारली. सणसणीत, बोटांच्या पेरांवर.

जागा झालो. चौथीत मास्तरांनी मारली होती तशीच कळ. रडू आलं.

पण सर्व्हर परत परत घंटा देत राहिला. उत्तर हवं, उत्तर हवं. हात परत जायचा. पट्टी. परत. एकवीस वेळा मारली, त्यांनी मोजलं. शेवटी त्याच दमल्या, स्टुलावर टेकल्या आणि—

पंधरा.

१४ जानेवारी

केलं.

बंद करायची कळ दाबली नाही, दाबली असती तर त्याने डोक्यातलं पुन्हा उतरवून ठेवलं असतं. तारा उपटल्या. दोन्ही डिस्क काढल्या, स्वयंपाकघरातल्या लोखंडी खलबत्त्यात घातल्या आणि बत्त्याने कुटल्या. आचारी पाहत होता. मसाला संपला का, विचारलंन. मी हसलो. पुष्कळ दिवसांनी.

मागची पानं शेगडीत.

विश्वेश्वर आले. घंटा बंद, निरोप बंद. नमकहराम म्हणाले, पागल म्हणाले, पोलीस म्हणाले. मी म्हणालो, बोलवा. औषधाच्या वेळा बाईंनी खडूने भिंतीवर लिहिल्या, मोठ्या अक्षरात, आणि स्वतः काठी टेकत खोलीखोलीतून फिरल्या. कोणाचीही गोळी चुकली नाही. खोली एकचे विष्णुपंत तीन वर्षांपासून इथे आहेत. यमाला माझा पत्ता सापडत नाही असं सांगत फिरतात. ते म्हणाले, घंटेपेक्षा बाई बरी, घंटा शिव्या देत नव्हती.

१५ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. बाईंनी दोन खाल्ले. तिसरा मागितला.

दुपारी माझ्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं. सरळ. खाली उलट.

खोली नऊ. पंधरा.

माझ्या बोटांना कोळसा.

पुसलं. बोटं धुतली. विश्वनाथा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आजही मागत नाही. फक्त बाजूला उभा राहून बघ.

१६ जानेवारी

सकाळ. बाई समोर बसल्यात. दहा पन्नास.

सर्व्हर नाही, डिस्क नाहीत. तरी त्यांचे ओठ निळे पडतायत—

अकरा पाच. मी हे का लिहितोय? लिहायचं नव्हतं. वही कपाटात होती.

पेन टेकलं की बाईंचा श्वास अडतो. उचललं की लागतो. पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा बाईच ओरडल्या, मूर्खा, ठेव ते!

दोन डिस्क गेल्या. पानं गेली. तिसरी प्रत पानांवर नव्हतीच. हातात होती.

अकरा चौदा.

शास्त्रीबुवा, कळलं.

पंचेचाळीस वर्षं लिहिलं. मास्तरांनी माझा हात हातात धरून पाटीवर ग गिरवून घेतला होता. त्यांना नमस्कार. हा हात यापुढे पाणी भरेल, माळ ओढेल, बाईंच्या गोळ्या देईल. लिहिणार नाही. सही नाही, आकडा नाही, नाव नाही. यमा, तुला बाईंना न्यायचं असेल तर स्वतः ये, या हातातून नाही येऊ देणार—

अकरा एकोणीस. हात जड. ओढतो. मी नाही लिहीत हे. ठेवतो. आता ठेवतोच. खोली नऊ, प्रभावती, मुक्काम पं